घरादाराचा ईसीजी

साडेनऊची वेळ दिलेली होती, म्हणून आईने सगळ्यांना आठ वाजून पाच मिनिटांनी गाडीत कोंबलं. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईला उशीर खपत नाही. बावीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर जगत आली होती. आता घरातल्या साध्या खुर्चीत बसली असली तरी कोणी वेडंवाकडं बोललं की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. गेले तीन आठवडे तो पाय उचललाच गेला नव्हता.

हृदयविभागाच्या लांबलचक बोळात निळ्या खुर्च्यांच्या दोन समोरासमोर रांगा होत्या. कोणी कुठे बसायचं हे कोणी सांगितलं नाही, तरी घर बरोबर दोन टीममध्ये वाटलं गेलं. एका बाजूला आबा आणि आत्या, म्हणजे 'पोराने खेळायचं' हा पक्ष. समोर आई आणि बाबा, 'पोराने खेळायचं नाही' हा पक्ष. आणि ज्याच्या खेळण्याबद्दल हे चाललं होतं तो टिल्लू, उंची सहा फूट एक इंच, वय पंचवीस, पाण्याच्या यंत्राशेजारी भिंतीला टेकून, कानात इअरफोन घालून बसला होता. इअरफोनची वायर खिशात गेली होती खरी, पण फोन आईच्या पर्समध्ये होता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, फुटबॉल सामन्याच्या त्रेसष्टाव्या मिनिटाला, टिल्लू मैदानाच्या मधोमध तोंडावर पडला होता. चेंडू चाळीस पावलांवर होता. कोणी ढकललं नव्हतं, पाय अडकला नव्हता. हृदय थांबलं होतं. क्लबची फिजिओ पंचांची शिट्टी संपायच्या आत त्याच्यापाशी पोचली, छाती दाबायला लागली, आणि लाल पेटीतल्या यंत्राने दुसऱ्या झटक्याला ते हृदय परत चालू केलं. ती पेटी तिथे होती ती आत्यामुळे. आत्या शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मुलींच्या सामन्यांत पंच असायची. पेटी नसेल तर मी शिट्टी वाजवणार नाही, असं म्हणून तिने दोन वर्षं क्लबच्या सेक्रेटरीच्या नाकी नऊ आणले होते.

आता टिल्लूच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. हृदय पुन्हा बिघडलं तर ते आतल्या आत झटका देणार होतं. आणि डॉक्टरांनी कारणही शोधलं होतं: हृदयाची भिंत नको तितकी जाड. असलं दुखणं रक्तातून येतं, म्हणून रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांनी तपासून घ्यायचं होतं.

"मी एकच सांगतो," आबा म्हणाले. आबांचं एकच सांगणं निदान पाऊण तास चालायचं. एके काळी ते याच क्लबचे बचावपटू होते. लोक त्यांना 'भिंत' म्हणायचे. शहात्तराव्या वर्षीही मैदानावरच्या चुन्याच्या रेघा तेच मारायचे. "आमच्या वेळी बरगडी मोडली तरी आम्ही उरलेला सामना खेळायचो."

"बरगडी मोडणं वेगळं आणि हृदय थांबणं वेगळं, आबा," आई म्हणाली.

"थांबलं होतं. आता चालू आहे ना?"

आईचा पाय जमिनीत रुतला.

"वहिनी, तुम्ही जरा डोकं शांत ठेवून ऐका," आत्या पुढे सरसावली. "मैदानावर बावीस जण असतात. एकवीस जणांच्या छातीत यंत्र नाही. याच्या आहे. मग सगळ्यात सुरक्षित कोण?"

"वन्सं, एअरबॅग आहे म्हणून कोणी गाडी भिंतीवर नेऊन घालत नाही."

"मी भिंतीवर घाला म्हणतच नाहीये!"

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की," आई बाबांकडे वळली.

बाबा समोरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे बारीक अक्षरं दिसली की ते वाचायचे. "याची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय," ते म्हणाले.

आबांनी नाकातून आवाज काढला. त्या आवाजाचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. ते बाबांना लहानपणी पडलेलं नाव होतं, आता फक्त शब्दांशिवाय उच्चारलेलं. आबा 'भिंत', आणि त्यांचा मुलगा 'बाकडं'. तो सहा वर्षांचा असताना आबांनी त्याला पहाटे मैदानावर न्यायला सुरुवात केली, आणि दोन फेऱ्या झाल्या की तो गोलच्या खांबाला धरून खाली बसायचा. छातीत धडधडतंय म्हणायचा. बारा वर्षांचा होईपर्यंत आबांनी नेलं, मग सोडून दिलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तेवढ्यात दार उघडून एका तरुण टेक्निशियनबाईने यादी वाचली. यादीत तीन नावं होती: आजोबा, वडील, आत्या.

"आणि मी," आई उठली.

"तुमचं रक्ताचं नातं नाही ना. तुमची गरज नाही."

"सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. मला आता परकी ठरवताय?"

"ताई, तसं नाही, हा आजार..."

"यांच्यात राहून जो आजार होतो तो रक्ताला विचारून होत नाही," आई म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन पलंगावर झोपली. टेक्निशियनने तिचाही ईसीजी काढला, कारण ते समजावण्यापेक्षा सोपं होतं. आईचं हृदय अगदी उत्तम निघालं. त्या कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि दिवसभर निदान तिघांना दाखवली.

आत्याचं झालं. स्वच्छ. सोनोग्राफीसारखी जेल लावून करतात ती इकोची तपासणीही स्वच्छ. बाहेर येताना तिचा चेहरा सामना जिंकल्यासारखा होता. पण बोळाच्या मध्यावर आल्यावर तिला एकदम टेकावंसं वाटलं. आपण किती घाबरलो होतो हे तिला आत्ता कळत होतं. सेक्रेटरीशी भांडताना ती कधी घाबरली नव्हती, कारण तेव्हा ती पेटी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलासाठी हवी होती.

मग बाबा आत गेले. त्यांच्या छातीवर केस फार, म्हणून टेक्निशियनला सहा ठिकाणी वस्तरा फिरवावा लागला. वायरी जोडलेल्या अवस्थेत बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुमचा चष्मा डावीकडे झुकतोय."

"हलू नका."

"डोकं दुखत असेल संध्याकाळी."

ती थांबली. "दुखतं. तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी वायरींसकट हात उशाशी काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशाकडे लांबवला, दातकोरणीएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पडल्या पडल्या तिच्या चष्म्याची काडी सरळ करून दिली. तिने चष्मा लावला, भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मशीनमधून बाबांच्या हृदयाची रेघ बाहेर येत होती. तिने ती रेघ पुन्हा एकदा पाहिली आणि कागद फाडून घेतला. फक्त म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांकडे आधी जाऊन या. इको मग तिथेच होईल."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि पाच माणसं शिरली. बाहेर थांबायला कोणीच तयार नव्हतं. डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, तुटक बोलणाऱ्या, आणि त्यांना गर्दीची सवय असावी, कारण त्यांनी कोणालाच हाकललं नाही. त्यांनी बाबांची रेघ दिव्याखाली धरली.

"तुम्हाला कधी चक्कर आलीय? शुद्ध हरपून पडलात असं कधी झालंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आत्याच्या तोंडातून फुस्स करून हसू निसटलं. आईने ओठ दाबले, पण खांदे हलायला लागले. टिल्लूसुद्धा दाराला टेकून हसला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आबांनी तर मांडीवर थाप मारली.

"कधी पडला नाही ते विचारा, डॉक्टर! शाळेत रांगेत पडला. पाण्याच्या टाकीवर चढताना पडला. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी जिन्यात पडला, तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं याला लग्न करायचं नाहीये. आणि परवा? पोरगा तिकडे मैदानात पडलाय आणि हा इकडे माझ्या शेजारी प्रेक्षकांत! पहिलं स्ट्रेचर यानेच पळवलं!"

ते खरंच होतं. स्ट्रेचरवाले धावत येताना वाटेत आधी बाबा सापडले, आणि दुसरं स्ट्रेचर आणायला माणूस पाठवावा लागला. टिल्लू वाचला हे पक्कं कळल्यावर घरात ही गोष्ट रोज सांगितली जात होती. सांगताना सगळे हसायचे, बाबाही हसायचे. अशा घरात हसून घेतलेलं बरं असतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

"जिने चढताना पडलात. आणि धावताना?"

"मी धावत नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"धावलं की छातीत धडधडतं. मग डोळ्यांपुढे अंधार येतो. लहानपणापासून." ते थोडे संकोचले. "मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. बाकीचे सहन करतात, मला जमत नाही."

आत्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते कसं आवरावं तिला कळेना.

"कोणाला सांगितलं होतंत का तेव्हा?"

"सांगितलं होतं."

बाबांनी आबांकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

इको तिथेच पडद्याआड झाला. त्याला वीस मिनिटं लागली. पडद्याआडून फक्त यंत्रातला तो आवाज येत होता, ओल्या कपड्यावर थापटल्यासारखा. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्केचपेनने हृदय काढलं आणि मधल्या भिंतीवर जाड रेघ ओढली. "मुलाला आहे तेच. ही भिंत एकोणीस मिलिमीटर आहे. अकरा-बाराच्या पुढे नसावी. तुमच्या चकरा यामुळेच होत्या. मुलगा पडला तेव्हाची सुद्धा. खरं तर त्या दिवशी दोन पेशंट होते." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "तुम्ही धावायचं टाळलंत, ते फार शहाणपणाचं केलंत. नाहीतर आज इथे बसला नसतात. गोळ्या सुरू करू. यंत्र बसवायचं का, ते आणखी दोन तपासण्या झाल्यावर ठरवू."

आईचा हात बाबांच्या उघड्या खांद्यावर होता. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती त्यांच्या छातीवरची जेल पुसत राहिली. जेल केव्हाच पुसून झाली होती.

"आता आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आबा खोलीत नव्हते.

बोळाच्या टोकाला स्वच्छतागृह होतं आणि त्याच्या मुठीचा खटका आतून लावलेला होता. आत्याने दारावर थाप मारली.

"आबा! बाहेर या. मी पाचपर्यंत मोजते."

"नव्वद मिनिटं मोज," आतून आवाज आला. "वर जादा वेळ पण धर."

"आबा, लोक थांबलेत!"

"दुसऱ्या मजल्यावर आहे ना एक! तिकडे पाठव त्यांना."

आईने आत्याला बाजूला केलं आणि नवऱ्याला दाराकडे ढकललं. "तुम्ही बोला. आम्ही तिकडे बसतो." आणि खरोखरच ती बाकीच्यांना घेऊन बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेली. टिल्लूने कानातले इअरफोन काढून खिशात टाकले.

आबा आत कमोडच्या झाकणावर बसले होते. समोर आरसा होता, म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. दाराखालच्या फटीतून त्यांना मुलाच्या बुटांची टोकं दिसली. मग बूट आडवे झाले. मुलगा खाली बसला असावा.

"आबा."

"नाहीये मी."

"बरं. मीही जरा बसतो. दमलोय."

दमलोय हा शब्द आबांनी या मुलाच्या तोंडून हजारदा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचं डोकं सणकलं होतं. आज तो शब्द दाराखालच्या फटीतून आत आला आणि त्यांच्या पायांशी बसला.

"किती निघालं म्हणाल्या त्या?"

"एकोणीस."

"माझ्यापेक्षा तुझीच भिंत जाड म्हणजे."

"तुमची अजून मोजलेली नाही."

 बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांब जाईपर्यंत आबा थांबले.

"धाकट्याला ऊन लागलं नव्हतं," ते म्हणाले.

आबांच्या धाकट्या भावाचा फोटो बैठकीच्या खोलीत होता. एकवीस वर्षांचा, केस मागे फिरवलेले, काखेत चेंडू. तो खेळता खेळता उन्हाचा झटका येऊन गेला, हे घरातल्या प्रत्येकाला बोलता येऊ लागल्यापासून माहीत होतं.

"त्या दिवशी ढग होते. सकाळपासून. पन्नास वर्षं मी ऊन सांगतोय. एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही, कसलं ऊन म्हणून." आबांनी नळ सोडला आणि बंद केला. "पडला तेव्हा मी सगळ्यात जवळ होतो. आमची टीम हरत होती. मला वाटलं वेळ काढतोय. मी म्हटलं, ऊठ, नाटकं पुरे. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा तर पायाने ढोसलं."

दाराखालच्या फटीत बूट किंचित हलले.

"आणि परवा टिल्लू पडला, तेव्हाही तोंडातून तेच निघालं. तू शेजारी होतास. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग पडलास?"

"माहीत नाही. अंधार बहुतेक आधीच आला होता."

"आणि तुला तर रोज म्हणत होतो," आबा म्हणाले. "सहा वर्षं. रोज."

बाबांनी विचार केला. "रोज नाही. रविवारी सुट्टी असायची."

आबांच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की कसला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. टॉवेलऐवजी भिंतीवर गरम हवेचं यंत्र होतं. तोंड वाळवायला त्याच्याखाली वाकावं लागलं, आणि त्या घोंघाटात थोडा वेळ त्यांना जे करायचं होतं ते करता आलं.

यंत्र थांबल्यावर ते म्हणाले, "त्या मशीनखाली झोपलो की कळणार. धाकट्याला, तुला, पोराला, हे सगळं आमच्याकडून गेलंय. आणि मी शहात्तर वर्षं ठणठणीत. रेघा मारत फिरतोय."

"तुम्ही तपासलं नाही म्हणून ते काय शेजाऱ्यांकडून आलं असं होणार आहे? मला चष्मा आईकडून आला. मी तिला कधी बोल लावला नाही."

"तिच्यामुळे तुझं दुकान निघालं."

"हो ना. बाहेर या आता."

आबा उठले. मूठ खटखटली. पुन्हा खटखटली.

"निघत नाहीये," आबा म्हणाले.

"आबा, पुरे."

"अरे, खरंच निघत नाहीये! नाटक नाही करत!"

हे वाक्य दाराच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेलं. मग बाबा हसायला लागले. दाराला डोकं टेकून, एक हात छातीवर ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आवाज ऐकून बोळाच्या त्या टोकाहून सगळे धावत आले. त्यांना दिसलं ते असं, की बाबा गुडघ्यांवर बसून, चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने दाराच्या मुठीचे स्क्रू काढतायत, आणि आतून आबा सूचना देतायत. चौथ्या स्क्रूला मूठ निघाली. आबा बाहेर आले ते थेट पलंगावर जाऊन झोपले आणि टेक्निशियनला म्हणाले, "काढा काय काढायचं ते."

सोळा मिलिमीटर निघालं.

"काहींना जन्मभर काहीच होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "का, ते आम्हालाही सांगता येत नाही. तुम्ही नशीबवान."

"नशीबवान," आबा म्हणाले. हा शब्द त्यांनी तोंडात फिरवून पाहिला आणि गिळला. मग एकदम ताठ झाले. "ठरलं. पोराने खेळायचं नाही. विषय संपला."

"आबा!" आत्या ओरडली. "तुम्ही ऐन वेळी दुसऱ्या टीममध्ये?"

"मी आत्ताच गेलो. तूही ये."

"डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. यंत्र असलेले खेळाडू परत खेळतात की नाही?"

"काही खेळतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्वी आम्ही सरळ नाही म्हणायचो. आता धोका किती तो समजावतो, आणि खेळाडूबरोबर बसून ठरवतो. खेळाडूबरोबर," त्यांनी शब्दावर जोर दिला आणि खोलीतली गर्दी मोजल्यासारखी पाहिली.

"धोका आहे ना? मग झालं तर!" आबा म्हणाले.

आणि तेव्हा, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आई उसळली.

"तुम्ही कोण विषय संपवणारे? आयुष्यभर एकेकाला ऊठ ऊठ म्हणालात, आता दुसऱ्याला बस म्हणताय. त्याला तुम्ही विचारलंत? मी तरी विचारलं का?" तिचा आवाज फुटला. "मी माझ्या शिकाऊंना पहिल्या दिवशी सांगते, स्टिअरिंग एकाच्याच हातात असतं. आणि इथे आम्ही चौघं मिळून याचं स्टिअरिंग ओढतोय."

"म्हणजे वहिनी, तुम्ही आता माझ्या बाजूला?" आत्याने विचारलं.

"मी कोणाच्या बाजूला नाहीये!"

"पण खेळू द्यायचं म्हणताय."

"असं मी कधी म्हटलं?"

"मी आबांच्या बाजूला," बाबा म्हणाले. घरात हे वाक्य यापूर्वी कोणी ऐकलेलं नव्हतं. आबा इतके गडबडले की त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग आतले एकोणीस मिलिमीटर आठवून तो नुसता ठेवला.

"मी मंगळवारीच सांगितलं क्लबला," टिल्लू म्हणाला.

चौघं त्याच्याकडे वळले.

"काय सांगितलंस?"

"खेळणार नाही म्हणून."

आज शनिवार होता. आईने मनात दिवस मोजले. बुधवारी रात्रीच्या जेवणावर ती आणि आत्या एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. गुरुवारी आबांनी जेवणच सोडलं होतं, दीड तासासाठी.

"फिजिओला भेटायला गेलो होतो," टिल्लू म्हणाला. तो बोलताना खालीच बघत होता. "थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. तिला म्हटलं, डॉक्टर हो म्हणाले तर मी परत येतो. ती म्हणाली, ये की, मी आहेच. आणि हे म्हणताना तिने हात टेबलाखाली घेतले. थरथरत होते. तिला अजून स्वप्न पडतं, ती आकडे मोजतेय आणि मी उठत नाहीये." तो थांबला. "मी परत गेलो तर ती नव्वद मिनिटं माझ्याकडेच बघत बसणार. तुम्ही चौघं पण. मग फुटबॉल कोण बघणार? मला तसं खेळायला आवडणार नाही. आणि मला भीती वाटते. तेही आहे."

ते शेवटचं वाक्य त्याने आबांकडे बघून म्हटलं. आबांनी मान हलवली. एकदाच, हळू.

"मग आम्ही चार दिवस भांडत होतो ते?" आत्याने विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती.

"सांगणार होतो. पण तुम्ही छान भांडत होतात." टिल्लूने डोकं खाजवलं. "शांत झालं ना, की मला माझंच हृदय ऐकू येतं. एक ठोका पडतो, मग वाटतं पुढचा येतोय की नाही. तुम्ही बाहेर भांडत असलात की ते ऐकू येत नाही. तेवढीच झोप लागते मला. बाकी नाही."

डॉक्टरीणबाईंनी झोपेबद्दल काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात एकट्याने यायला सांगितलं. एकट्याने हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

परत जाताना गाडीत कोणी बोललं नाही. आबा पुढे, मागे बाबा, टिल्लू, आत्या. सगळे इतके जपून बसले होते की गाडीत काचेची भांडी भरल्यासारखं वाटत होतं. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्ते मोकळे होते. पहिल्या सिग्नलला आईने आरशात पाहिलं. टिल्लूचे डोळे टक्क उघडे होते आणि हात डाव्या खांद्याखाली गेला होता.

दिवा हिरवा झाला.

"वन्सं, एक बोलू?" आई म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या त्या पंचाने शिट्टी उशिराच वाजवली."

"उशिरा?" आत्या सीटवरून उडालीच. "वहिनी, चौथ्या सेकंदाला वाजवली! मी फिल्म बघितलीय!"

"चार कसले, सहा," आबा मागे वळले. "त्याचं लक्ष लाइनकडे होतं."

"तुम्हाला तिथून काय दिसत होतं, आबा? तुमचा लांबचा नंबर बदललाय," बाबा म्हणाले. "दुकानात या म्हणून सांगतोय वर्षभर."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही!"

"तुम्ही हृदयाबद्दल पण हेच म्हणत होता!"

"दादा, तू मधे पडू नको, तू तर तेव्हा शुद्धीवर पण नव्हतास..."

दुसऱ्या सिग्नलला आईने पुन्हा आरशात पाहिलं. टिल्लूचं डोकं आत्याच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड उघडं होतं, आणि आत्या तो खांदा तसूभरही न हलवता, एका हाताने हवेत शिट्टीची वेळ दाखवत आबांशी कडाकडा भांडत होती.

घराकडचं वळण आलं. आईने ते सोडून दिलं आणि गाडी सरळ घेतली.